जुन्या कारखान्याची किल्ली कुणाकडे?

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठावर बॅटरसीचं जुनं वीजकेंद्र आहे. चार कोपऱ्यांवरच्या चार उंच धुराड्यांमुळे ते कुणालाही लांबून ओळखता येतं. आज दिसतात ती धुराडी मात्र मूळची नाहीत. जुन्यांचं काँक्रीट खराब झालं होतं, म्हणून २०१४ ते २०१७ या काळात ती उतरवली आणि त्याच मापाची, त्याच आकाराची नवी बांधली. इमारत संरक्षित यादीत आहे आणि धुराड्यांशिवाय तिची ओळखच उरली नसती, म्हणून एवढी काळजी. यात मला काही गैर वाटत नाही. पण त्याच २०१७ साली त्याच प्रकल्पातली परवडणाऱ्या घरांची संख्या ६३६ वरून ३८६ वर आणली गेली आणि स्थानिक पालिकेने ती मंजूरही केली. धुराड्याची उंची हातभर कमी करू द्या, असं विकासकाने म्हटलं असतं तर केवढा गदारोळ झाला असता. अडीचशे घरं कमी करायला मात्र परवानगी मिळाली.

जुन्या औद्योगिक इमारतींबद्दलचा सार्वजनिक वाद बहुतेक वेळा दोनच शब्दांत अडकलेला असतो: पाडायची की ठेवायची. ठेवायची असं एकदा ठरलं की वारशासाठी झगडणारी माणसं दमून घरी जातात. सही झाली, फलक लागला, जिंकलो. खरा प्रश्न तर त्यानंतर सुरू होतो. आत काय होणार, ते कुणाला परवडणार आणि हे ठरवणार कोण? माझं म्हणणं असं की इमारतीचा वापर हासुद्धा वारशाचाच भाग आहे. तो मालकाच्या मर्जीवर सोडून फक्त भिंतींची राखण करणं म्हणजे निम्मं काम करून पूर्ण झाल्याचं सांगणं.

वापर बदलूच नये, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्याला या इमारतींचा इतिहासच मान्य नसतो. लंडनमधल्याच कॅम्डन भागातली राउंडहाउस नावाची गोल इमारत घ्या. १८४७ साली रेल्वे इंजिनं फिरवण्यासाठी आणि ठेवण्यासाठी ती बांधली. इंजिनं लांब होत गेली, तशी ती दहा-वीस वर्षांतच त्या कामाला निरुपयोगी ठरली. मग कित्येक दशकं तिथे दारूचं गोदाम होतं. १९६०च्या दशकात कामगार संघटनांच्या एका ठरावातून निघालेल्या कलाकेंद्राने ती घेतली, त्यानंतर तिथे गाण्याच्या मैफली रंगल्या, १९८३ साली ती बंद पडली आणि २००६ साली पुन्हा सुरू झाली. आता वर नाटकं आणि संगीत चालतं, आणि तळघरात, जिथे पूर्वी इंजिनांची राख पडायची, तिथे तरुण मुलांसाठी ध्वनिमुद्रणाच्या आणि तालमीच्या खोल्या आहेत. या इमारतीचा ‘मूळ वापर’ तिच्या आयुष्याचा किती छोटा तुकडा आहे पाहा.

इंग्लंडमधल्याच श्रूजबरी गावाजवळच्या डिदरिंग्टन गिरणीची गोष्ट तर मला याहून बोलकी वाटते. लिननचं सूत कातणारी ही गिरणी १७९७ सालची. त्या काळी गिरण्यांचे मजले लाकडी असत, हवेत तंतू उडत, उजेडासाठी ज्योत लागे, आणि एक ठिणगी पडली की अख्खी गिरणी खाक होई. म्हणून चार्ल्स बेज याने लोखंडी खांब आणि लोखंडी तुळया वापरून तिचा सांगाडा उभा केला. असा सांगाडा असलेली ही जगातली पहिली इमारत. आजच्या गगनचुंबी इमारतींची पणजी म्हणा हवं तर. सुताचा धंदा बसला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे बार्लीला मोड आणून माल्ट करायला सुरुवात झाली. माल्टला अंधार लागतो. म्हणून सूत दिसावं यासाठी ठेवलेल्या मोठमोठ्या खिडक्यांपैकी बऱ्याच विटांनी बुजवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैनिक राहिले. १९८७ साली माल्टचं कामही थांबलं, आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ साली ती लोकांसाठी उघडली. बुजवलेली खिडकी म्हणजे इमारतीचं विद्रूपीकरण की तिच्या आयुष्याची खूण? मी तिला खूणच म्हणेन. तिच्यावरून कळतं की इथे एका धंद्यानंतर दुसरा आला, त्याने स्वतःच्या गरजेपुरता बदल केला आणि सांगाडा तसाच राहू दिला.

कारखान्याच्या इमारतीला हे जमतं, त्यालाही कारण आहे. अवजड यंत्रांचं ओझं पेलेल अशी तिची जमीन असते. खांबांमध्ये अंतर भरपूर, छत उंच, आणि करवतीच्या दात्यांसारख्या छपरातून दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड येतो. धागा तुटला तर तो चटकन दिसावा म्हणून केलेली ही सोय पुढे चित्रकाराला, सुताराला, शाळेला, वाचनालयालाही उपयोगी पडते. राजवाड्याचं तसं नसतं. तो एकाच प्रकारच्या जगण्यासाठी घडवलेला असतो. कारखाना कामासाठी घडवलेला असतो, आणि काम बदलत राहतं.

म्हणूनच नव्या वापराची पहिली कसोटी माझ्या मते ही की त्याने पुढच्या वापराची वाट अडवू नये. मोठं दालन कापून त्यात शेकडो छोटी घरं बसवली, प्रत्येक घर वेगळ्या मालकाला विकलं, की त्या इमारतीचं पुढचं आयुष्य संपलं. शंभर वर्षांनी शहराला तिथे काही वेगळं हवं असेल तर शंभर मालकांना कोण एकत्र आणणार? औद्योगिक वारशाबद्दल रशियातल्या निझनी तागिल शहरात २००३ साली एक आंतरराष्ट्रीय सनद संमत झाली. केलेले बदल शक्य तितके परत उलटवता यावेत, आणि नवा वापर जुन्या वापराशी, तिथल्या वावराच्या वाटांशी जमेल तेवढा जुळावा, असं ती सांगते. सनद चांगली आहे, पण ती कायदा नव्हे. बांधकाम परवानगीच्या टेबलावर तिचं वजन कागदाइतकंच.

आणि कायदा काय विचारतो? इंग्लंडमध्ये इमारतींच्या वापराचे वर्ग ठरलेले आहेत आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला परवानगी लागते. पण हे वर्ग दुकान, कचेरी, घर, कारखाना असे आहेत. त्यातही २०२० साली दुकान, उपाहारगृह, कचेरी, व्यायामशाळा, दवाखाना हे सगळं एकाच वर्गात टाकलं गेलं, म्हणजे यातल्या एकातून दुसऱ्यात जायला आता विचारावंही लागत नाही. इमारतीत कुठला व्यवहार चालेल हे कायद्याला कळतं. तिथे कुणाला शिरता येईल हे त्याच्या हिशोबातच नाही. वारसा कायद्याचं लक्ष विटांवर, नियोजन कायद्याचं लक्ष धंद्याच्या प्रकारावर, आणि ज्या वस्तीच्या दोन-तीन पिढ्या त्या भोंग्यावर उठल्या, जेवल्या, झोपल्या, तिच्याकडे कुणाचंच नाही.

ते लक्ष असतं तर काय घडतं, हे ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातल्या एका इमारतीत पाहायला मिळतं. पॉम्पेया वस्तीत लोखंडी पिंपं बनवणारा एक कारखाना होता. तो बंद झाल्यावर सेस्क या संस्थेने तिथे कामगारांसाठी क्रीडा आणि सांस्कृतिक केंद्र करायचं ठरवलं आणि लीना बो बार्दी या वास्तुविशारद बाईंना बोलावलं. पहिल्या भेटीत त्यांना आवडला तो सांगाडा: सुरुवातीच्या काळातलं सडसडीत काँक्रीट, विटांच्या भिंती, ओळीने उभ्या शेड. दुसऱ्यांदा त्या शनिवारी गेल्या. तेव्हा त्या पडक्या शेडमध्ये मुलं धावत होती, फुटक्या छपरातून गळणाऱ्या पावसात पोरं फुटबॉल खेळत होती, फाटकाशी बायका मांस भाजत होत्या. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. वस्तीने ती जागा आपली आपण वापरायला काढली होती. हे सगळं असंच चालू राहिलं पाहिजे, हा विचार त्यांनी तिथेच पक्का केला, आणि पुढचा सगळा आराखडा त्यातून निघाला.

या गोष्टीवर मी रेंगाळतो आहे, कारण तिच्यात क्रम उलटा आहे. एरवी आराखडा आधी होतो, मग माणसं शोधली जातात. इथे माणसं आधी होती. भिंतींवरचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या, शेडमधले अडथळे हटवले, मोठ्या दालनात एक शेकोटी आणि फरशीत वळणावळणाचा पाण्याचा पाट केला. वाचायला बसायच्या जागा, नाटकघर, आणि मुख्य म्हणजे हाताने काम करण्याच्या कार्यशाळा: मातीकाम, छपाई, छायाचित्रण. कारखान्यात उत्पादन थांबलं, तरी काहीतरी घडवणं थांबलं नाही. खेळांसाठी जागा कमी पडत होती आणि शेजारच्या जमिनीखालून झाकलेला ओढा जात असल्याने त्यावर बांधकाम करता येत नव्हतं. म्हणून दोन बाजूंना दोन काँक्रीटचे मनोरे उभे केले, हवेतून पूल टाकून ते जोडले, आणि ओढ्यावरच्या मोकळ्या पट्ट्यावर लाकडी फळ्या घातल्या. लोक तिथे आता ऊन खात पडतात. १९८२ साली केंद्र सुरू झालं, मनोरे १९८६ साली पूर्ण झाले. चाळीस वर्षांनंतरही ते वस्तीच्या रोजच्या वापरातलं आहे.

पैसा कुठून आला, हा प्रश्न इथे यायलाच हवा. सेस्क चालते ती व्यापारी आणि सेवा क्षेत्रातल्या मालकांनी पगारापोटी भरायच्या दीड टक्का सक्तीच्या वर्गणीवर. म्हणजे ही कुणाची दानशूरता नव्हे. कामगारांच्या फुरसतीसाठी पैसा काढून ठेवायचा, असा त्या देशाने घेतलेला निर्णय आहे.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात भक्कम आक्षेप पैशाचाच येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. जुनी इमारत सांभाळणं महाग असतं. छपराच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, जमिनीत तेल आणि रसायनं मुरलेली असतात, लोखंड गंजलेलं असतं. बॅटरसी १९८३ साली बंद झालं, मग तिथे मनोरंजन उद्यान करायची योजना आली. यंत्रं काढायला छप्पर उतरवलं, आणि १९८९ साली पैसे संपले. पुढची अनेक वर्षं तो संरक्षित सांगाडा उघड्यावर पावसात भिजत होता. संरक्षणाचा शिक्का होता, पण छप्पर नव्हतं. अशा वेळी कुणी म्हणालं की दुकानं येऊ द्या, महागडी घरं येऊ द्या, निदान इमारत तरी वाचेल, तर त्या माणसाला मी वारशाचा शत्रू ठरवणार नाही. पडझडीपेक्षा दुकान बरं, हे मला मान्य आहे.

मात्र हा हिशोब नेहमी एकाच बाजूने मांडला जातो. विकासक किती खर्च करतो ते पानभर लिहिलेलं असतं. शहर त्याला काय देतं ते लिहिलेलं नसतं. जास्तीचं बांधकाम करायची मुभा, नवा रस्ता, मेट्रोचं स्थानक, आणि त्या जुन्या इमारतीचं नाव, जे विटांपेक्षाही महाग विकलं जातं. बॅटरसीच्या एका धुराड्यातून काचेची लिफ्ट वर जाते आणि तिकीट काढून शहर बघता येतं. त्या धुराड्याला किंमत आली ती त्याच्याकडे आठ-नऊ दशकं बघणाऱ्या लोकांमुळे. त्यांचा वाटा मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

थोडं खाली नदीकाठीच बँकसाइडचं वीजकेंद्र आहे. बॅटरसीच्या बाह्यरूपावर काम करणाऱ्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीच याचाही आराखडा केला होता. १९८१ साली ते बंद झालं आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झालं, लॉटरीतून आलेल्या सार्वजनिक पैशाच्या मोठ्या मदतीने. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. टर्बाइन होती ते दालन १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच आहे, आणि ते बरंचसं रिकामं ठेवलं. मला त्या प्रकल्पातला हा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. लहान मुलं तिथल्या उतारावर लोळतात, लोक नुसते बसून राहतात. एवढी जागा विकता आली असती आणि विकली नाही.

पण सार्वजनिक पैशाने वाढलेली जमिनीची किंमत शेवटी कुणाच्या खिशात गेली? संग्रहालयाच्या शेजारी काचेच्या भिंतींचे महागडे फ्लॅट उभे राहिले. २०१६ साली संग्रहालयाने नवी इमारत जोडून वर सगळ्यांना चारही बाजूंनी फिरता येईल असा सज्जा केला, तेव्हा त्या फ्लॅटमधल्या काही रहिवाशांनी लोक आमच्या घरात बघतात म्हणून दावा लावला. २०२३ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या घरात कुणी डोकावू नये ही अपेक्षा रास्तच आहे. तरीही लोकांच्या पैशातून जिवंत झालेल्या जागेत लोकांचीच नजर उपद्रव ठरावी, हे मला सलतं. चांगल्या वापराने आजूबाजूची जमीन महाग होणारच असेल, तर त्या वाढीतला हिस्सा वस्तीसाठी बांधून घेण्याची व्यवस्था पहिल्या दिवशी करावी लागते. नंतर हाती काही लागत नाही.

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास हेच सांगतो. तिथे १९९१ साली नियम झाला होता: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जागा शेडनीच व्यापलेली. त्यामुळे शहराच्या वाट्याला तुटपुंजी जमीन उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचं भवितव्य ठरलं आणि ज्यांचं आयुष्य तिथे गेलं त्यांना ते बरंच उशिरा कळलं. काही धुराडी अजून उभी आहेत. त्यांच्या सावलीत मॉल, कचेऱ्या, उपाहारगृहं आहेत.

कलावंतांना आणलं की वस्ती वाचते, असाही एक समज आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांच्या मजल्यांवर कलावंत राहू लागले, तेही आधी बेकायदा. १९७१ साली त्यांना तिथे राहायची मान्यता मिळाली. पुढे त्याच मजल्यांची भाडी कलावंतांच्या आवाक्याबाहेर गेली. कलावंताला दोष देण्यात अर्थ नाही, तोही भाडेकरूच. पण भाडं बांधलेलं नसेल तर कलावंत हा फक्त पुढच्या खरेदीदारासाठी जागा झाडून ठेवणारा माणूस ठरतो.

आता राहिली कामाची आठवण. जुन्या यंत्राला काळा रंग फासून ते उपाहारगृहाच्या कोपऱ्यात ठेवणं म्हणजे आठवण जपणं नव्हे. अमेरिकेतल्या लोवेल शहरात बूट (Boott) नावाच्या जुन्या कापड गिरणीचं संग्रहालय आहे. तिथल्या विणकाम खात्यात माग खरोखर चालू ठेवतात आणि आत जाताना कानात घालायला बोळे देतात. सगळे माग चालवत नाहीत, तरी आवाज अंगावर येतो. तो आवाज ऐकल्यावर दहा-बारा तासांची पाळी म्हणजे काय असेल, हे सांगावं लागत नाही. जर्मनीत एसेन इथली झोलफेराइन खाण १९८६ साली बंद झाली, राज्य सरकारने ती विकत घेऊन राखली, २००१ साली ती जागतिक वारसा ठरली, आणि निवृत्त खाणकामगारांनीच पाहुण्यांना ती फिरवून दाखवली. ज्या पट्ट्यावरून कोळसा जायचा तिथे उभा राहून तो पट्टा ज्याने चालवला तोच माणूस बोलतो, याला पर्याय नाही. पण हा माणूस कायम असणार नाही. गिरणी बंद होते त्या वर्षी त्याला विचारलं नाही तर वीस वर्षांनी विचारायला कुणी उरत नाही.

आणि हे विचारताना गोड उत्तरांची अपेक्षा धरू नये. कापसाच्या धुळीने फुप्फुसं निकामी व्हायची, बोटं जायची, मुकादमाची बोलणी खावी लागायची. तिथे काम केलेल्या कित्येकांना ती इमारत पुन्हा बघायचीही नसेल. आपल्या मुलांनी तिथे राबू नये म्हणूनच ते राबले. त्यांच्यापैकी एखादा म्हणाला की पाडा ती, तर त्याला वारशाचं महत्त्व शिकवायला जाण्याआधी आपण खाली बसून त्याचं ऐकून घ्यावं.

या सगळ्यातून माझी मागणी साधी आहे. जुन्या कारखान्याच्या जागेवर जास्तीचं बांधकाम किंवा वापरबदल मंजूर करताना त्याच कागदावर काही अटी याव्यात आणि त्या नंतर वाटाघाटीने ढिल्या करता येऊ नयेत. तळमजल्याचा ठरलेला भाग काही विकत न घेता बसता येईल असा खुला राहावा. काही शेड हाताने काम करणाऱ्यांना बांधलेल्या भाड्याने मिळाव्यात, फक्त चित्रकारांना नव्हे, तर शिंप्याला, सुताराला, यंत्रं दुरुस्त करणाऱ्यालाही. मोठी दालनं तुकड्यांनी विकली जाऊ नयेत, भाडेपट्ट्यानेच द्यावीत, म्हणजे मुदत संपली की शहराला नव्याने विचार करता येईल. आणि यंत्रं भंगारात जाण्यापूर्वी ती चालवणाऱ्यांकडून त्यांची माहिती नोंदवून घ्यावी, त्या कामाचा मोबदला देऊन.

या अटींच्याही आधी एक गोष्ट करता येईल. कारखाना बंद झाला की पत्र्याचं कुंपण घालून, कुत्री सोडून ती जागा दहा वर्षं गप्प ठेवली जाते, आणि मग एक दिवस संगणकावर काढलेली रंगीत चित्रं वर्तमानपत्रात येतात. त्याऐवजी अंतिम आराखडा करण्यापूर्वी वर्षभर फाटक उघडं ठेवावं. धोक्याचा भाग बंद करावा, गळती थांबवावी, दिवे, पाणी, संडास यांची सोय करावी, रात्रीला पहारेकरी ठेवावा. एवढ्यावर ते सुरू होतं. आठवडी बाजार भरेल, कुणी तालमीला येईल, शाळेची मुलं खेळतील, म्हातारी माणसं सावलीला बसतील. कोण येतं, कुठे बसतं, कुठल्या वाटेने चालतं, काय मागतं, हे वास्तुविशारदाने वर्षभर नोंदवावं, शनिवारी तर नक्कीच. आणि मग आराखड्याला हात घालावा.